नसलेल्या बायकोचा निरोप

जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. ओल्या छत्र्या, ओल्या चपला आणि भिंतीला टेकून गप्प बसलेली माणसं… खालच्या लाँड्रीतून इस्त्रीची गरम वाफ वर येत होती आणि बाहेर सकाळपासून लागलेला पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता.

ती बाबांना शोधत आली होती. दुकानातून घरी फोन केला, तो उचलला गेला नाही, तेव्हाच तिला कळलं होतं ते कुठे असणार.

वरच्या मजल्यावर माई राहायची. माई म्हणजे निवृत्त नर्स. थोराड अंगाची, हळू आवाजात बोलणारी. गेलेल्या माणसांचे निरोप तिला ऐकू येतात असं लोक म्हणायचे. आई गेल्यापासून बाबाही तसं म्हणायला लागले होते.

बाबा अगदी वरच्या पायरीवर बसले होते. शेजारी एक तरुण होता. बाबांचा एक हात त्याच्या खांद्यावर होता आणि दुसऱ्या हाताने ते डोळे पुसत होते.

"ये चिऊ," बाबा म्हणाले. "बघ ना याचं. नुकतंच लग्न झालेलं आणि बायको गेली. माईशी बोलून आत्ताच बाहेर आला. काय निरोप आला तेसुद्धा सांगवेना बिचाऱ्याला."

तरुण गडबडीने उठून उभा राहिला. त्याच्या चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली होती. चष्मा नाकावर तिरपा बसला होता आणि त्यामुळे तो सारखा काहीतरी विचारतोय असं वाटत होतं.

"वाईट वाटलं ऐकून," ती म्हणाली. "काय झालं होतं त्यांना?"

"कुणाला?"

"तुमच्या मिसेसना."

"अं… ताप."

"नुसता ताप?"

"मोठा होता," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

तिला वाटलं, दुःखाने माणूस असा गोंधळतो. बाबांना तरी आई गेली त्या दिवसांत स्वतःचा पत्ता कुठे धड सांगता येत होता? उतरताना बाबांचा पाय ओल्या पायरीवरून घसरला, तेव्हा त्यानेच त्यांना सावरलं आणि टॅक्सीपर्यंत पोचवलं. बाबांनी आपली छत्री त्याच्या हातात कोंबली. "असू दे. भिजू नकोस. आता तुझी काळजी घेणारं कुणी नाही."

टॅक्सी वळताना तिने काचेतून मागे पाहिलं. तो छत्री न उघडता तसाच पावसात उभा होता.

*

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. आठवडा उलटायच्या आत तो छत्री परत करायला दुकानात आला. बाबांनी टॅक्सीत बसेपर्यंत त्याला सगळं सांगून टाकलं होतं… दुकानाचं नाव, तिची सुट्टी कधी असते, तिला राग कशाचा येतो.

"आलाच आहात तर बसा. चष्म्याची दशा बघवत नाही," ती म्हणाली.

आतल्या लहान खोलीत तिने दिवा मालवला. समोरच्या चौकटीत अक्षरं उजळली. ती त्याच्या अगदी जवळ उभी राहून भिंगं बदलत होती. त्याने श्वास धरून ठेवलाय हे तिला जाणवलं.

"श्वास घेतलात तरी चालेल. हे बरं… की हे?"

"आधीचं. नाही, हे. परत दाखवता?"

"खालची ओळ वाचा."

"ग… प… ल."

"पहिला 'म' आहे."

"मला स्पष्ट 'ग' दिसला."

"दिसला नाही. तुम्ही अंदाज केलात. सगळे करतात, आणि वर पैज लावायला तयार असतात."

तो अंधारातच हसला. "मेंदूला रिकामी जागा सोसत नाही. अर्धवट दिसलं की उरलेलं तो स्वतःच भरतो. आणि मग त्यालाच वाटतं, आपण पाहिलं." मग त्याचा आवाज खाली गेला. "माझं कामच ते आहे. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. लोकांना भुतं का दिसतात, गेलेल्यांचे आवाज का ऐकू येतात… त्याचा अभ्यास करतो. माईकडे त्यासाठीच गेलो होतो. मला… बायको नव्हतीच कधी."

तिने दिवा लावला. तो डोळे मिचकावत तिच्याकडे पाहत राहिला.

"माझे बाबा त्या रात्री तुमच्या बायकोच्या आठवणीने जेवले नाहीत," ती म्हणाली.

"मला वाटलंच होतं. म्हणून आलो. छत्रीचं निमित्त होतं."

"लाज नाही वाटत?"

"वाटते."

"आणि तापाने गेली ना ती?"

"मोठ्या तापाने," तो खालमानेने म्हणाला.

हसायचं नाही असं तिने ठरवलं होतं. ती भिंगांच्या पेटीकडे वळली आणि पाठमोरी राहूनच म्हणाली, "चष्मा परवा मिळेल."

चष्मा मिळाल्यावरही तो येत राहिला. कधी स्क्रू ढिला झाला म्हणून, कधी नाकाला टोचतोय म्हणून. तिने एकदा चष्मा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हा स्क्रू आपोआप ढिला होत नाही. कुणालातरी करावा लागतो."

"तुम्ही फार शंकेखोर आहात."

"हे कोण म्हणतंय."

समोरच्या कॉफीच्या दुकानात काचेलगतचं टेबल मग त्यांचंच झालं. पावसाचे ओघळ काचेवरून उतरत, आणि रस्त्यावरची माणसं पुसट, मोडकी दिसत. एका संध्याकाळी तो म्हणाला, "हात द्या."

"हात बघता?"

"नाही. पण हात हातात असला की माणसाला जास्त खरं वाटतं." त्याने तिचा हात धरला आणि आवाज हळू केला. "तुम्ही दिवसभर सगळ्यांशी हसून बोलता… पण आत काहीतरी मिटून ठेवलंय. घरातल्यांना तुम्ही खंबीर वाटता. तुम्हाला कुणी विचारतच नाही, तुझं काय. आणि घरात कुठेतरी एक बंद पडलेलं घड्याळ आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आई गेल्यापासून खरोखरच कुणी विचारलं नव्हतं.

"हे मी दर वर्षी वर्गात सगळ्या मुलांना सांगतो," तो म्हणाला. "शब्दही बदलत नाही."

"आमच्या घरात बंद घड्याळ नाहीये."

"तरी तुम्ही रडलात. लागलेलं तेवढं मनात राहतं, चुकलेलं गळून जातं."

"म्हणजे माई लोकांना फसवते."

"तीच तर पंचाईत आहे. ती फसवत नाही. तिला खरंच वाटतं, आपल्याला ऐकू येतं. ती काहीतरी म्हणते, समोरचा मान हलवतो, रडतो… त्यावरून तिला पुढचं सुचतं. तिथे कुणीच खोटं बोलत नसतं. आणि तरी सगळं खोटं असतं."

काचेबाहेर दिवे लागले. ती आपल्या हाताकडे पाहत होती.

"प्रयोग संपला ना?"

"संपला."

"मग हात?"

"तो… प्रयोगात नव्हता," तो म्हणाला.

त्या दिवसापासून ती त्याला 'तू' म्हणायला लागली. आणि 'शंकासूर'.

*

घरी मात्र दिवसेंदिवस अंधारत चाललं होतं. बाबांनी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका शोधणारा हा माणूस माईच्या शब्दाला प्रश्नसुद्धा विचारत नव्हता. फिरायला जाणं बंद झालं, मित्रांचे फोन घेणं बंद झालं. माईकडे जायचा दिवस आला की दाढी करत, एरवी नाही. आणि मग एका सकाळी तिला खिडकीतल्या कुंडीत हृदयाच्या गोळ्या सापडल्या. मातीत खोचलेल्या.

"बाबा, हे काय?"

"आई वाट बघतेय गं," ते शांतपणे म्हणाले. "माईला सांगितलं तिने. उगाच कशाला लांबवायचं?"

ती दुकानात न जाता थेट त्याच्या कॉलेजात गेली. मोकळ्या वर्गात बाकावर बसून तिने त्याला सगळं सांगितलं. आणि मग पहिल्यांदाच विचारलं, "तुला माईने काय निरोप दिला होता? तुझ्या त्या बायकोचा?"

त्याने तो फोनवर रेकॉर्ड करून ठेवला होता. आढेवेढे घेत त्याने लावला. आधी माईचा दीर्घ श्वास, आणि मग तो संथ, मायाळू आवाज: "ती म्हणते… जे बोलायचं राहून गेलं, ते मला न बोलताच कळलं होतं."

हे शब्द तिला पाठ होते. बाबा ते रोज सकाळी तोंड धुताना पुटपुटायचे. शेवटच्या संध्याकाळी हॉस्पिटलात आईने त्यांचा हात धरून ठेवला होता, 'आज थांबा' म्हणाली होती. बाबा अनेक दिवसांचे जागे होते. 'सकाळी येतो' म्हणून घरी आले, झोपले. सकाळ व्हायच्या आत ती गेली. त्या एका झोपेची माफी म्हणून माईकडून आलेल्या या वाक्यावर ते जगत होते.

"हे त्यांना ऐकव," ती म्हणाली.

"नको."

"ते गोळ्या मातीत पुरतायत."

"ते कळलं मला. पण हे काढून घेतलं तर तिथे काय ठेवायचं? असं का होतं ते मला कळतं. त्यावर काय करायचं, ते मला येत नाही."

"खरं ते खरं, असं तूच म्हणतोस ना?"

"मी वर्गात म्हणतो," तो म्हणाला.

पण ती हट्टाला पेटली होती. रविवारी दुपारी तो आला. बाबांनी त्याला प्रेमाने शेजारी बसवून घेतलं. त्यांच्या लेखी तो अजून बायको गेलेला मुलगाच होता. त्याने आधी तेच सांगितलं, की अशी कुणी बायको नव्हती. बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, नुसतं थिजलं. मग त्याने फोन टेबलावर ठेवला.

वाक्य संपलं. बाहेर पाऊस गटारातून वाहत होता, तेवढाच आवाज.

"परत लावा," बाबा म्हणाले.

त्याने परत लावलं.

"एकच ओळ दोनदा छापली गेली की मला लांबूनही दिसायची," बाबा म्हणाले. कुणाकडेच न बघता. "वय झालं. नजर गेली." ते उठले, आणि भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेले.

त्यानंतर ते माईकडे गेले नाहीत. गोळ्याही घेऊ लागले… तिने तळहातावर ठेवली की मुकाट्याने गिळायचे. पण माईसाठी निदान दाढी तरी करायचे, तीही राहिली. एका संध्याकाळी ती त्यांच्या पायांवर चादर घालत असताना ते म्हणाले, "इतके दिवस ती गेली नव्हती, चिऊ. रविवारी गेली."

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या दुकानात ती टेबलापाशी बसलीसुद्धा नाही.

"तू बरोबर होतास," तिने त्याला सांगितलं. "नको म्हणालास तेही बरोबर, आणि माईबद्दल म्हणालास तेही बरोबर. म्हणूनच आता येऊ नकोस. तुझ्याकडे बघितलं की मला बाबांचा चेहरा दिसतो."

तो चष्मा काढून पुसत राहिला. ती दुकानाबाहेर आली तेव्हाही तो पुसतच होता.

*

थंडी आली, तरी पाऊस गेला नाही. बारीक, चिवट, दिवसभर झिमझिमणारा. ती दुकानात लोकांना अक्षरं वाचायला लावी, भिंगं बदलत राही, हसून बोले. कुणी विचारत नव्हतं, तुझं काय. विचारणाऱ्याला तिनेच घालवलं होतं.

एका दुपारी दुकानातली वीज गेली म्हणून ती लवकर घरी आली. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून बाबांचा आवाज येत होता, आणि तो आवाज ऐकून ती उंबऱ्यातच थबकली. ते इतकं सलग कित्येक दिवसांत बोलले नव्हते.

"…हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती ती. मी छापखान्यातून फोन लावला कागदवाल्याला, लागला हिला. मी म्हटलं, माल कधी पाठवताय? तर म्हणते, कुठल्या वॉर्डात पाठवू?" बाबा खोकत हसले. "दुसऱ्या दिवशी मुद्दाम चुकीचा नंबर लावला. तिने आवाज ओळखला. म्हणाली, तुमचा माल अजून आला नाही वाटतं."

समोर तो बसला होता. शंकासूर. त्याच्याकडे फोन नव्हता, वही नव्हती. हात नुसते मांडीवर ठेवलेले. तिला न सांगता तो रोज दुपारी येत होता हे तिला नंतर कळलं. पहिले काही दिवस बाबांनी दारही उघडलं नव्हतं. तो बाहेरच्या पायरीवर बसून राहायचा आणि निघून जायचा.

मग बाबांनी शेवटच्या संध्याकाळचं सांगितलं. आईने हात धरला ते, त्यांनी तो सोडवून घेतला ते, घरी येऊन गाढ झोपले ते. काहीच गाळलं नाही. तो ऐकत राहिला.

"तुमचं शास्त्र काय म्हणतं?" बाबांनी विचारलं. "मी मुद्दाम सोडून गेलो नाही, हे तिला कळलं असेल?"

"मला माहीत नाही."

"माई म्हणाली असती, कळलं."

"हो."

"तुम्ही म्हणू शकत नाही?"

"म्हणावंसं वाटतं," तो म्हणाला. "पण मला खरंच माहीत नाही, काका."

"बरं," बाबा म्हणाले, आणि त्यांची मान हळूहळू खाली गेली.

ती ओल्या छत्रीसकट आत आली. छत्री जमिनीवर ठेवून बाबांच्या पायाशी बसली. काय बोलणार ते तिला स्वतःलाही माहीत नव्हतं.

"बाबा, त्या संध्याकाळी तुम्ही निघाल्यावर आईचा मला फोन आला होता," ती म्हणाली. "सांगायचं राहून गेलं. म्हणाली… त्यांना मीच घरी पाठवलं. झोपू दे. उठवू नकोस."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. बाबा मात्र तिच्याकडे पाहत राहिले… पूर्वी कच्च्या छपाईकडे पाहायचे तसे, एकेक शब्दावर थांबत.

"'त्यांना' नाही म्हणायची ती," ते अखेर म्हणाले. "तुझ्याशी बोलताना 'तुझ्या बाबांना' म्हणायची."

सगळं त्यांना दिसलं होतं.

"'तुझ्या बाबांना मीच घरी पाठवलं.'" बाबांनी वाक्य हळूच दुरुस्त केलं. "असं म्हणाली असेल."

"हो," ती म्हणाली. "असंच म्हणाली."

बाबांनी हात तिच्या डोक्यावर ठेवला. "बरं झालं सांगितलंस, चिऊ."

*

गॅलरीत दोघांना जेमतेम उभं राहण्यापुरती जागा होती. समोरच्या इमारती पावसात राखाडी होऊन गेल्या होत्या. ती कठड्याला टेकून रडत होती आणि तो शेजारी नुसता उभा होता. काय करावं हे त्याला खरंच येत नव्हतं.

"मी आज माई झाले," ती म्हणाली.

"हं."

"बाबांना कळलंय, की हे खोटं आहे."

"हो."

"तरी त्यांनी घेतलं. का? सांग ना. तुझा विषय आहे."

"नको," तो म्हणाला. "याचं उत्तर मला शोधायचं नाहीये."

ती डोळे पुसत त्याच्याकडे वळली. तो कठड्यावरच्या पाण्याच्या थेंबांवर बोट फिरवत होता.

"मी आजवर कुणालाच गमावलेलं नाही," तो म्हणाला. "आई आहे, वडील आहेत, भाऊ आहे. काठावर बसून लोकांना सांगत होतो, तुम्ही बुडताय ते कसं चुकीचं आहे. मग तू 'येऊ नकोस' म्हणालीस… आणि फोन वाजला नसताना वाजल्यासारखा वाटायला लागला. बसस्टॉपवर प्रत्येक पाठमोरी बाई तू वाटायचीस. असं का होतं, ते मी शिकवतो. पोरांना हसतखेळत शिकवतो. तरी दर वेळी फोन काढून बघायचो. दर वेळी त्या बाईच्या पुढे जाऊन चेहरा बघायचो. एकीने तर मला पोलिसांची भीती घातली."

तिला रडता रडता हसू फुटलं, आणि ते हसू आल्याचं तिलाच वाईट वाटलं.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "आधी नव्हती वाटत. आता कुणीतरी आहे… जे गेलं तर मीसुद्धा कुठल्यातरी माईचा जिना चढेन. सगळं माहीत असून चढेन. याला प्रेमाशिवाय दुसरा शब्द असेल तर मला सापडलेला नाही."

त्याचं ओलं बोट तिने आपल्या मुठीत घेतलं आणि घट्ट धरून ठेवलं. तिचे हात थंडगार होते, त्याचेही. आईविना घर, खचलेले बाबा, आजचं ते खोटं… काहीच कमी झालं नव्हतं. ते सगळं आता दोघांना मिळून सांभाळायचं होतं, एवढंच.

"उद्या येशील?" तिने विचारलं.

"दुपारी येतोच. संध्याकाळीही येईन."

आतून बाबांचा आवाज आला. हळू, अडखळत, मध्येच थांबत. खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. ते स्वतःशी बोलत होते की कुणाशी, ते गॅलरीतून समजण्यासारखं होतं. थोडा कान दिला असता तर शब्दही कळले असते.

त्याने हात लांब करून गॅलरीचं दार हळूच ओढून घेतलं.